डोंगर आहेत की सभोवती!

महाडला बाग कशाला हवी, असे कुणी म्हटले की ऐकणारेही माना डोलावतात. उत्तरेला रायगडाचा डोंगर, पूर्वेला वरंध्याकडे चढत गेलेल्या रांगा, दक्षिणेला पोलादपूर ओलांडले की एकीकडे आंबेनळी आणि दुसरीकडे कशेडी. पाऊस वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या पुढे. जुलैत कौलांवरसुद्धा गवत उगवते. अशा मुलखात झाडांवर पैसा घालायचा म्हणजे सावित्री नदीत घागरभर पाणी ओतण्यासारखे, असे इथल्या शहाण्यासुरत्या माणसांनाही वाटत आले आहे.

मार्च २०२० पर्यंत हा युक्तिवाद खपून गेला. कोरोनाच्या टाळेबंदीत त्याची परीक्षा झाली आणि त्यात तो नापास झाला, असे माझे मत आहे. डोंगर नजरेला पडणे वेगळे आणि पायाला लागणे वेगळे. सरेकर आळीतल्या किंवा तांबट आळीतल्या सत्तरीच्या माणसाला संध्याकाळी अर्धा तास चालायचे असेल तर त्याच्या कामी रायगड येत नाही. दिसणारा डोंगर कुणाच्या तरी सातबाऱ्यावर असतो, नाही तर वनखात्याकडे. तिथे वाट नाही, बाकडे नाही, दिवा नाही. सून कामाला आणि नातू घरात कोंडलेला, अशा आजीला हवी असते घरापासून पाच-दहा मिनिटांवरची सपाट जागा, जिथे कुणी ‘इथे का उभ्या राहिलात?’ असे विचारणार नाही. महाडमध्ये अशा जागा किती, हा प्रश्न साथीच्या आधी कुणाला पडलाच नव्हता.

थोडा हिशेब मांडू. केंद्र सरकारच्या २०१४ च्या नगरनियोजनाच्या मार्गदर्शक सूचनांत माणशी १० ते १२ चौरस मीटर मोकळी जागा असावी, असे म्हटले आहे. २०११ च्या जनगणनेत महाड शहराची वस्ती २७ हजारांच्या घरात होती. म्हणजे साधारण ६५ ते ८० एकर जागा हवी. वीरेश्वराचे देवालय आणि तळे, चांदे क्रीडांगण, शाळांची मैदाने, नदीचा काठ असे सगळे धरले तरी हा आकडा गाठायला फार ओढाताण करावी लागेल. आणि शाळांची मैदाने तर साथीत शाळांबरोबरच कुलूपबंद झाली.

महाडच्या मोकळ्या जागांची गोष्ट चवदार तळ्यापासूनच सुरू करावी लागते, आणि ती नुसत्या आदरापोटी नव्हे. सार्वजनिक जागा म्हणजे काय, तिच्यावर हक्क कुणाचा, हा खटला या देशात ज्या थोड्या ठिकाणी शेवटपर्यंत लढला गेला त्यांतले हे एक. मुंबई उच्च न्यायालयाच्या १९३७ च्या निकालपत्रात तळ्याचे वर्णन आहे. विस्तार ४ ते ५ एकर, चारी बाजूंना नगरपालिकेचे रस्ते, रस्त्यांपलीकडे घरे. आजच्या भाषेत सांगायचे तर मध्ये पाणी आणि भोवती फेरी मारायची वाट. नगररचनाकार कागदावर जे काढायला धडपडतात, ते महाडकडे आधीपासून आहे.

पण ते सगळ्यांचे कसे झाले? ४ ऑगस्ट १९२३ रोजी सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात मंजूर झाला. सरकारी पैशाने बांधलेल्या किंवा सार्वजनिक संस्थांच्या ताब्यातले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत, असा तो ठराव. महाड नगरपालिकेने १९२४ साली तळे खुले केल्याचा ठराव केला. कागदावर खुले झाले, पण काठावर कुणी पाऊल ठेवू शकत नव्हते. कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषदेसाठी जमलेली माणसे २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या मागोमाग तळ्यावर गेली आणि पाणी प्याली, तेव्हा तो ठराव पहिल्यांदा अमलात आला. त्याची किंमत त्यांनी त्याच दिवशी मार खाऊन मोजली. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपलाच ठराव मागे घेतला. डिसेंबरात दुसरी परिषद भरवायची तर गावात मंडपाला जागा मिळेना. शेवटी फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने आपली जमीन दिली. त्याच परिषदेत २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले. तळ्याचा दावा मात्र पुढे नऊ वर्षांहून अधिक काळ चालला आणि १७ मार्च १९३७ रोजी उच्च न्यायालयात सवर्ण वादींचे अपील फेटाळले गेले.

फत्तेखानांच्या जमिनीचा तपशील मला नेहमी थांबवतो. तालुक्याच्या गावात हजारो माणसांना बसायला सर्वांची म्हणावी अशी जागा नव्हती, ती एका खासगी मालकाच्या दिलदारपणावर मिळाली. सार्वजनिक मैदान असणे ही चैनीची बाब नाही, हे महाडने १९२७ सालीच पाहिले होते.

२०२० साली २० मार्चला तळ्याकाठी नेहमीची गर्दी नव्हती. राज्याने आठवड्यापूर्वीच साथरोग कायदा लागू केला होता, जमावाला बंदी होती. दोन दिवसांनी जनता कर्फ्यू आणि २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी.

हा साथरोग कायदा १८९७ सालचा. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, त्यातून तो जन्मला. आपण कायदा जपून ठेवला, पण त्या साथीने शिकवलेली दुसरी गोष्ट विसरलो. प्लेगात माणसे घरे सोडून माळावर, शेतात झोपड्या बांधून राहत. कोकणात आणि देशावर कितीतरी घराण्यांत या झोपड्यांच्या आठवणी पणजोबांच्या नावाने सांगितल्या जातात. रोगाचे कारण पुरते कळले नव्हते, तरी कोंदट घरापेक्षा उघडा माळ बरा, एवढे लोकांना कळले होते. मुंबईत सरकारलाही ते उशिरा का होईना पटले. १८९८ साली मुंबई सुधार न्यास स्थापन झाला. समुद्राचा वारा दाट वस्तीत शिरावा म्हणून रुंद रस्ते काढले गेले. दादर, माटुंगा, वडाळा हे भाग आखताना बागांना जागा ठेवली गेली. दादर पारशी कॉलनीतले पाच बगीचे त्या आखणीतले. शिवाजी पार्क १९२५ साली माहीम पार्क म्हणून खुले झाले आणि अवंतिकाबाई गोखले यांच्या प्रयत्नाने १९२७ मध्ये त्याला शिवाजी महाराजांचे नाव मिळाले. मुंबईच्या ज्या मैदानावर आज लाखांच्या सभा होतात, त्याच्यामागे एका साथीची दहशत आहे. त्या न्यासाने गरिबांची घरे पाडली जास्त आणि बांधली कमी, हाही इतिहास आहे. तो लपवू नये. पण साथीनंतर शहराला श्वास घ्यायला जागा द्यायची असते, हे त्या वेळच्या साहेबी कारभाराला सुचले होते.

आपल्याला काय सुचले? बागांना कुलूप.

पहिल्या दोन महिन्यांत कुलूप लागले ते समजू शकते. कुणालाच काही ठाऊक नव्हते. टाळेबंदी सैल करणाऱ्या ‘पुनश्च हरिओम’चा पहिला टप्पा राज्यात ३ जून २०२० पासून सुरू झाला. सकाळी ५ ते संध्याकाळी ७ या वेळेत बागा, मैदाने, समुद्रकिनारे इथे चालायला, पळायला, सायकल फिरवायला परवानगी मिळाली. अडीच महिन्यांनी राज्य घराबाहेर पडायचे होते, तो दिवस ३ जून. आणि त्याच दिवशी दुपारी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. वाऱ्याचा वेग ताशी १०० ते १२० किलोमीटर. श्रीवर्धन, मुरूड, म्हसळ्याची तर दैना झालीच, पण वारा आत माणगाव-महाडपर्यंत घुसला. पत्रे उडाले, खांब वाकले, आंबा-काजूच्या बागा आडव्या झाल्या. जिल्ह्यात कितीतरी गावांना वीज परत यायला कित्येक दिवस लागले. बाकीचा महाराष्ट्र फिरायला निघाला तेव्हा रायगड पडलेली झाडे तोडत होता. तीन दिवसांनी, ६ जूनला, गडावरचा शिवराज्याभिषेक दिनही मोजक्याच माणसांत झाला.

दुसऱ्या लाटेतला प्रकार मात्र समजून घेणे अवघड आहे. एप्रिल २०२१ च्या ‘ब्रेक द चेन’च्या आदेशांत बागा आणि सार्वजनिक जागा रात्री आणि शनिवार-रविवारी बंद ठेवायला सांगितले. जूनमध्ये पाच स्तरांची योजना आली, तिच्या तिसऱ्या स्तरात मैदाने, चालणे, सायकलिंग यांना पहाटे ५ ते सकाळी ९ एवढीच मुभा. विषाणू बंद, कोंदट हवेत जास्त पसरतो, हे तोपर्यंत पुरेसे कळले होते. केंद्राच्या प्रमुख वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यालयाने २० मे २०२१ रोजी सूचनापत्रक काढून दारे-खिडक्या उघडा, हवा खेळती ठेवा, सूक्ष्म तुषार १० मीटरपर्यंत जाऊ शकतात, असे सांगितले होते. म्हणजे एक कागद म्हणत होता खिडकी उघडा, आणि दुसरा म्हणत होता नऊनंतर मैदानातून घरी जा.

५ ते ९ ही वेळ कुणाला सोयीची, तेही बघा. पेन्शनीतल्या पुरुषांना. एमआयडीसीत पहिल्या पाळीला जाणाऱ्याची ती कामावर निघायची वेळ. नळाला पाणी येणे, डबा, चहा, घरातल्या दुखणाईताचे औषधपाणी, बाईच्या दिवसातली सगळ्यांत गच्च वेळ तीच. पोरांची ऑनलाइन तासिका त्यानंतर. ज्यांना मोकळ्या हवेची सर्वाधिक गरज होती, त्यांना कुलूप लागल्यावरच फुरसत मिळत होती. असा आदेश काढणाऱ्या टेबलाभोवती स्वयंपाकघर सांभाळणारे कुणी बसलेले नसणार, अशी माझी दाट शंका आहे. पहिली ते चौथीच्या पोरांचे तर विचारूच नका. मार्च २०२० मध्ये सुटलेली त्यांची शाळा भरायला २०२१ चा डिसेंबर उजाडला.

झाड दिसल्याने माणसाला बरे वाटते, हे कवींनी सांगायचे आणि डॉक्टरांनी हसायचे, अशी एक समजूत आहे. रॉजर उलरिच या अमेरिकी संशोधकाने १९८४ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयाच्या नोंदी मांडल्या. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेले रुग्ण, निम्म्यांच्या खिडकीतून झाडे दिसत, निम्म्यांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडे दिसणारे लवकर घरी गेले आणि त्यांना वेदनाशामक तीव्र औषधे कमी लागली. अभ्यास लहान होता, ४६ जणांचा. पण पुढच्या चाळीस वर्षांत या वाटेने बरेच काम झाले आहे.

पोलादपूरचे चित्र वेगळे. गावाला आता नगरपंचायत आहे, शिवभारतकार कवींद्र परमानंदांची समाधी इथली, आणि तालुक्यातले उमरठ तानाजी मालुसऱ्यांचे. तालुका सगळा डोंगरउतारावर, भात-नाचणी-वरीवर, आणि खरे सांगायचे तर मुंबईच्या मनीऑर्डरींवर उभा. त्यामुळे इथली साथ मुंबईहून चालत आली. मे २०२० मध्ये महामार्गावरून येणाऱ्या चाकरमान्यांच्या गाड्यांच्या रांगा कशेडीच्या नाक्याला लागल्या होत्या. रायगड संपून रत्नागिरी सुरू होते तो हा नाका. गावात शिरल्यावर १४ दिवस शाळेत, समाजमंदिरात, नाही तर शेतावरच्या गोठ्यात. गणपतीला सरकारने हे दिवस १० वर आणले.

या विलगीकरणावरून भांडणे झाली, भाऊबंदकीची जुनी उणीदुणी निघाली. ते होणारच होते. पण शेतावर राहिलेला माणूस आणि मुंबईतल्या दहा बाय बाराच्या खोलीत अडकलेला त्याचा भाऊ, या दोघांच्या चौदा दिवसांत फरक होता. एकाला शिवार होते. पहाटे बाहेर पडता येत होते. करवंदे, जांभळे, फणस यांचा हंगाम होता. जूनच्या पहिल्या पावसानंतर टाकळा, कुर्डू, शेवळे, भारंगी यांची भाजी मिळू लागली, आणि पगार थांबलेल्या घरात ती कौतुकाची नव्हे, गरजेची होती. त्याच ऑगस्टमध्ये कृषी विभागाने राज्यात रानभाजी महोत्सव भरवले, तेव्हा शहरातल्या लोकांना त्यांची नावे कळली. पोलादपूरच्या बायकांना त्यासाठी महोत्सव लागत नाही.

गावाकडे सगळे हिरवे आणि म्हणून सगळे सुखी, असे चित्र काढणारे लेख त्या काळात बरेच आले. त्यांत मला सामील व्हायचे नाही. गंभीर रुग्णाला पोलादपूरच्या वाडीवरून रुग्णालयापर्यंत न्यायचे म्हणजे काय, हे वाडीतल्या माणसाला विचारावे. प्राणवायूची नळी करवंदाच्या जाळीला लागत नाही. पण मनाचे जे आजार टाळेबंदीने दिले, झोप उडणे, चिडचिड, पोरांचे मुके होणे, त्यांना उतारा म्हणून पायाखाली जागा होती, इतके म्हणता येते. आणि ती जागा फुकट टिकलेली नव्हती. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात देवरायांचा अभ्यास केला, त्यात आपल्याच जिल्ह्यातल्या श्रीवर्धन तालुक्यातले गाणी हे गाव येते. तिथली राई तोडायची वेळ आली तेव्हा गावकऱ्यांनी ती वाचवायला धाव घेतली, कारण गावाचा झरा त्या राईतून वाहत होता. भक्ती होतीच, पण पाण्याचा रोकडा हिशेबही होता. रायगडातल्या गावांनी राई राखली ती अशी.

आता ‘डोंगर आहेत की’ या वाक्याकडे परत येऊ, कारण २२ जुलै २०२१ ने त्याचे उत्तर दिले. त्या दिवशी महाड तालुक्यातल्या तळियेवर दरड कोसळली. ऐंशीहून अधिक माणसे गेली. त्याच सुमारास पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीत दरडी आल्या. खाली महाड शहरात सावित्री आणि गांधारीचे पाणी घरांच्या पहिल्या मजल्याला लागले. नवे काही नव्हते. २००५ च्या जुलैमध्ये दासगाव, जुई, रोहण, कोंडिवते इथे हेच झाले होते. डोंगर हे महाडचे वैभव आहे आणि पावसाळ्यात तेच महाडचे भय आहे. त्यांना बाग म्हणून गृहीत धरणे म्हणजे दोन्ही गोष्टी न कळणे.

त्याआधी, २४ ऑगस्ट २०२० च्या संध्याकाळी, महाडच्या काजळपुऱ्यात तारिक गार्डन ही पाच मजली इमारत कोसळली आणि १६ जण मेले. चार वर्षांचा एक मुलगा जवळपास १९ तासांनी ढिगाऱ्यातून जिवंत निघाला. वादळ, इमारत, पूर. चौदा महिन्यांत तीन संकटे, आणि तिन्ही साथीच्या पोटात. मुखपट्टी लावून ढिगारा उपसायचा, अंतर ठेवून एका शाळेत पन्नास कुटुंबे झोपवायची. अशा प्रत्येक वेळी गावाला पहिल्यांदा काय लागते? उंचावरची, सपाट, मोकळी, सर्वांची जागा. यंत्रे उभी करायला, धान्य वाटायला, हवाई मदत उतरायला, लस टोचायला. राज्यात गावोगावचे भाजीबाजार टाळेबंदीत मैदानांवरच हलवले गेले होते. मैदान कुठल्याही एका कामासाठी नसते म्हणून ते सगळ्या कामांना येते. त्यावर व्यापारी संकुल बांधले की हा गुण संपतो आणि पालिकेला भाडे मिळू लागते. या सौद्यात गावाचा तोटा आहे.

महाडपुरते बोलायचे तर जागा कुठून आणणार, हा खरा अडसर. गाव दोन नद्यांच्या बेचक्यात. पण मार्ग कायद्यातच आहे. जलसंपदा विभाग नदीकाठी दोन पूररेषा आखतो, निळी साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतल्या पुराची. पूररेषेचा विषय निघाला की महाडच्या घरमालकांच्या कपाळाला आठ्या पडतात, कारण बांधकाम अडते. पण डिसेंबर २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत नदी आणि निळ्या रेषेमधल्या पट्ट्यात बांधकामाला मनाई असली तरी बाग, हिरवळ, मोकळे मैदान अशा वापराला वाव आहे. जिथे घर बांधता येत नाही, तिथे चालायची वाट करता येते. पूर आला की ती बुडेल, ओसरला की चिखल काढून पुन्हा वापरता येईल. दुकानांचे तसे होत नाही. सावित्रीतला गाळ आणि जुटे, म्हणजे पात्रातली बेटे, काढा, ही महाडकरांची जुनी मागणी आहे आणि ती रास्त आहे. तिच्या जोडीला काठाची मागणीही हवी.

उंचावरच्या जागांसाठी दुसरा मार्ग आहे. ४,००० चौरस मीटर आणि त्यावरच्या अभिन्यासात १० टक्के जागा करमणुकीसाठी खुली सोडावी लागते. ती कागदावर सुटते आणि मग तिथे सोसायटीचा पत्र्याचा गाळा, मंदिराचा मंडप, टाकी असे एकेक येत जाते. विकास आराखड्यातल्या आरक्षणांची गत याहून वाईट. १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमाच्या कलम १२७ नुसार १० वर्षांत जमीन संपादन झाली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो, आणि ठरावीक मुदतीत पालिका हलली नाही तर आरक्षण रद्द होते. महाराष्ट्रातल्या किती बागा आणि मैदाने अशी कुणाच्याही नकळत गेली, याची खंत मोठ्या शहरांत निदान बातमीत तरी येते. छोट्या गावात तीही येत नाही.

झाडांच्या बाबतीत थोडी बरी गोष्ट घडली आहे. नागरी क्षेत्रातल्या वृक्षसंरक्षणाच्या १९७५ च्या कायद्यात २०२१ साली दुरुस्ती होऊन ५० वर्षे आणि त्याहून जुन्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा मिळू लागला. २ ऑक्टोबर २०२० ला सुरू झालेल्या ‘माझी वसुंधरा’ अभियानात नगरपालिकांना गुण मिळू लागले. गुणांसाठी का होईना, पण रोपे लागली. मला मात्र रोपांच्या आकड्यांपेक्षा तळ्यांची काळजी जास्त वाटते. काकरतळे, कोटेश्वरी तळे, वीरेश्वराचे तळे. या गावाच्या वस्त्या तळ्यांवरून ओळखल्या जातात. प्रत्येक तळ्याभोवती पाच फुटांची वाट, सावलीची झाडे, बायकांसाठी स्वच्छ मुतारी, आणि रात्री नऊपर्यंत पेटणारे दिवे. यासाठी कोटींचे सुशोभीकरण लागत नाही. कारंजी, रंगीत झोत, सेल्फीची कमान यांवर पैसे घालण्याआधी हे करावे. पोलादपूरला तर अजून सगळे हातात आहे. महामार्गाच्या रुंदीकरणाने गावाचे दोन भाग केले असले तरी सावित्रीचा काठ आहे, आणि जमिनीचे भाव महाडइतके चढलेले नाहीत.

पुढची साथ कधी येईल ते सांगता येत नाही, पुढचा पूर मात्र सांगता येतो. दोन्हींसाठी तयारी एकच आहे, आणि ती नगरपालिकेच्या नकाशावर होते. म्हणून महाड-पोलादपूरच्या वाचकांना एक विनंती. शहराचा प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध झाला की हरकती आणि सूचनांसाठी कायद्याने ३० दिवस मिळतात. त्या दिवसांत कार्यालयात जाऊन नकाशा पाहा, आपल्या आळीजवळचे मैदान, बाग, तळ्याचा काठ हिरव्या रंगात आहे की नाही ते तपासा, नसेल तर लेखी हरकत द्या. आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या.